मदत हवी आहे: नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही सात आठवड्यांत तीनदा ठप्प. अपडेटची वाट पाहू की गाडी बदलून मागू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबणार आहे, आधीच सांगते. गाडी आज पुन्हा वर्कशॉपात आहे, मी रिक्षाने ऑफिसला आले आणि डबा खाता खाता हे टंकते आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'आमची बरी की तुमची बरी'वर घसरतो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. एवढं पुरे की गाडी अगदी नव्या मॉडेलची आहे, पहिल्या काही महिन्यांच्या लॉटमधली, ऑन-रोड बावीस लाखांच्या आसपास. मी नाशिकला. रोजचं धावणं तीस-पस्तीस किलोमीटर, महिन्यातून दोनदा ठाण्याला माहेरी. घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवलाय, वेगळा मीटर घेऊन, अर्थिंग तपासून. ओडोमीटर २,९४०.

पहिला प्रसंग सोमवारी पहाटेचा. सासूबाईंना नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसवर सोडायचं होतं. गाडी शनिवारी दुपारपासून बेसमेंटमध्ये चार्जरला लावलेली, मर्यादा ८० टक्क्यांवर. रात्री गाडीच्या स्क्रीनवर ८० दिसत होते. पहाटे जवळ गेले तर दाराचं हँडल बाहेरच येईना. चावी खिशात, बटण दाबतेय, पण ना दिवा, ना आवाज. आपण एखाद्या फ्रीजसमोर उभे आहोत असं वाटलं.

चावीच्या पोटात पत्र्याची किल्ली असते हे मला आठवलं, हेच नशीब. टोपण काढून दार उघडलं. आतला दिवासुद्धा लागला नाही. आता चार्जिंगची गन सुटेना, कारण तिचं कुलूपही विजेवर. ती हाताने सोडवायची एक दोरी असते, ती कुठे? डिकीत. डिकी कशाने उघडते? बटणाने. मग मी, वय वर्षे ४४, ओढणी कमरेला खोचून मागची सीट आडवी पाडली आणि रांगत डिकीत शिरले. सासूबाई मोबाईलचा टॉर्च धरून उभ्या. दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, तू बाहेर ये आधी. रिक्षा बघू." त्या रिक्षानेच गेल्या. ट्रेन मिळाली, तेवढं बरं.

रोडसाइडचा मुलगा अडीच तासांनी आला. त्याने बॉनेटखालच्या छोट्या बॅटरीला मीटर लावला: ९.१ व्होल्ट. "मॅडम, बारा व्होल्ट बसली." बूस्टर जोडल्याबरोबर सगळे स्क्रीन उजळले आणि गाडीने स्वागताची धून वाजवली! मोठ्या बॅटरीत ८० टक्के होतेच. गोदाम धान्याने भरलेलं आणि कुलपाची किल्ली हरवलेली, असा प्रकार.

त्यानंतर तसंच आणखी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी वर्कशॉपने दोन दिवस ठेवून 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहून परत दिली. मग छोटी बॅटरीच नवी टाकली, आणि 'आता बघायचं काम नाही' म्हणाले. नवव्या दिवशी, म्हणजे काल, नवी बॅटरीही बसली. गंमत म्हणजे त्यांच्या आवारात गाडी एकदाही बंद पडत नाही. ठाण्याला आईकडे सोसायटीच्या उघड्या जागेत तीन दिवस उभी होती, तिथेही नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ म्हणायच्या की नाही, तुम्हीच ठरवा. मधला स्क्रीन कधीमधी काळा होतो. रिव्हर्स घेताना झाला तेव्हा मागे खांब होता. डिकीचं झाकण डावीकडे बोटभर वर, उजवीकडे बसलेलं. घोटीजवळ वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक पाहून गाडीने स्वतःच ब्रेक मारला. मागच्या टेम्पोवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आणि वेगमर्यादेचे फलक वाचणारा कॅमेरा ट्रकच्या पाठीवरचा '८०'चा स्टिकर वाचून मलाच टोकतो. तो स्टिकर त्या ट्रकसाठी आहे हे त्याला कोण सांगणार?

सगळ्यावर एकच उत्तर मिळतं: पुढच्या अपडेटमध्ये येईल. अपडेट कधी, तर 'वरून' आलं की.

आता मला नक्की विचारायचंय ते असं. बारा व्होल्ट अशी पुन्हा पुन्हा का बसते, आणि ती सॉफ्टवेअरने सुटणारी गोष्ट आहे का? वर्कशॉपला मी नेमकं काय तपासायला सांगू? आणि गाडी बदलून मागण्याइतकी केस आहे का, की उगाच डोक्याला ताप? मी सिव्हिल इंजिनीअर, काँक्रीटचं विचारा, विजेचं मला फार कळत नाही.

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, बॅटरी तीनदा बसली म्हणजे बॅटरीचा दोष नाही. तिला कोणी तरी रात्रभर पितंय.

थोडक्यात सांगतो. मोठी बॅटरी गाडीपासून मोठ्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडलेली असते, सुरक्षेसाठी. तो रिले जोडायला बारा व्होल्ट लागतात. गाडी चालू असताना किंवा चार्ज होताना मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून छोटीला भरते. गाडी बंद करून लॉक केली की सगळी कंट्रोल युनिटं, म्हणजे गाडीतले छोटे संगणक, झोपली पाहिजेत. झोपलेल्या गाडीचा करंट काही दहा मिलीॲम्पियर असतो. एखादं युनिट जागं राहिलं तर ते सगळ्या नेटवर्कला जागं ठेवतं आणि करंट दोन ॲम्पियरवर जातो. छोटी बॅटरी ४५ ॲम्पियर-तासांची धरली तर हिशोब तुम्हीच करा, एक दिवस पुरेल जेमतेम. म्हणून रोज चालवता तेव्हा काही होत नाही, शनिवार-रविवार उभी राहिली की बसते. बऱ्याच गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून मोठीतून छोटीला पाजून घेतात. तुमची ते करत नाही, किंवा करूनही पुरत नाही. तेही विचारा.

आधी सांगा, बाहेरून काही बसवलंय का? डॅशकॅम, ट्रॅकर, जास्तीचे दिवे? असेल तर आधी काढा, नाही तर वर्कशॉप सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होईल. चावी गाडीच्या जवळच्या भिंतीवर टांगता का? तिनेही गाडी जागी राहू शकते.

तपासणी सोपी आहे. छोट्या बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा) लावायचा, बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवायचं म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल, लॉक करायची आणि तासभर हात लावायचा नाही. मग आकडा बघायचा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो तो चोर. हे तुमच्या डोळ्यांसमोर करायला लावा. आणि घरी स्वतः फ्यूज उपटू नका. नारिंगी केबलच्या, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या केबलच्या, आसपास तर मुळीच नाही.

प्रतिसाद

पहिल्या लॉटची गाडी आणि पहिल्या पावसातला रस्ता, दोहोंवर भरवसा ठेवू नये. आम्ही डिझेलवाले मजेत.

धागाकर्ती

@पुणे, मनापासून आभार. बाहेरून काहीही बसवलेलं नाही, सीट कव्हरसुद्धा नाही. चावी चौथ्या मजल्यावर असते.

@डिझेलवाले, तुमच्या मजेत आनंद आहे. २०१४ ची आमची डिझेलही घाटात दोनदा उकळली होती, तेव्हा मी धागा काढला नव्हता इतकंच.

प्रतिसाद, वकिलीतला

बदलून मागण्याबद्दल. 'अमुक वेळा बिघडली की बदलून द्या' असा अमेरिकेतल्या राज्यांसारखा कायदा आपल्याकडे नाही. ग्राहक आयोगात गाडी बदलून मिळायला उत्पादनातलाच दोष आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटी बघून सदोष भाग बदलणं योग्य, अख्खी गाडी नव्हे, असं धरलं होतं. कंपनीचे वकील तो निकाल खिशात घेऊनच फिरतात. त्यामुळे आज 'बदलून द्या' पेक्षा 'कारण शोधून लेखी द्या' हे मागणं जास्त वजनदार ठरेल.

जॉबकार्डकडे बघा. 'स्टार्टिंग प्रॉब्लेम, चेक्ड, ओके' असं लिहिलं असेल तर तुमच्या हातात काहीच नाही. सही करण्याआधी तुमच्या शब्दांत लिहून घ्या: गाडी उभी असताना बारा व्होल्ट ९.१ पर्यंत उतरते, तारीख, ओडोमीटर, कितवी वेळ. प्रत्येक वेळी गाडी किती दिवस आत होती तेही. फोनवरचं बोलणं संध्याकाळी मेलवर टाका, 'आज आपण असे म्हणालात' म्हणून.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळदा तिथूनच कंपनीचं वरचं ऑफिस हलतं. पुढे जायचंच झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. तुमची रक्कम २० ते ५० लाखांमधली, म्हणजे शुल्क १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची आहे, घाई नाही, पण कागद आत्तापासून जमवा.

स्वतःहून ब्रेक लागल्याची तक्रार मात्र स्क्रीनच्या रांगेत बसवू नका, ती वेगळी आणि आधी द्या. सुरक्षेच्या दोषासाठी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकाला नोंद करता येते, रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याचे, ते नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत.

प्रतिसाद, मिशिगनहून

तुम्ही एकट्या नाही, हे सांगायला लिहितोय. डिसेंबर २०२३ मध्ये जनरल मोटर्सने इथे शेवरोले ब्लेझर ईव्हीची विक्रीच थांबवली होती, सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे. मार्च २०२४ मध्ये अपडेट देऊन, वर किंमत उतरवून, पुन्हा सुरू केली. आणि तुमच्याकडेही २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्यात मूळ दुखणं बारा व्होल्टला भरणाऱ्या युनिटचंच. म्हणजे कंपन्यांना या जातीचा दोष ठाऊक नाही असं नाही.

एक शंका. तीनही वेळा गाडी एकाच जागी होती का?

धागाकर्ती, चार दिवसांनी

मिशिगनवाल्यांच्या त्या एका ओळीने काम केलं. मी बसून तारखा लिहिल्या. तीनही वेळा गाडी आमच्या खालच्या बेसमेंटमध्ये होती. तिथे मोबाईलला एक काडीही रेंज नसते, वॉचमनला फोन करायचा तर जिन्यात यावं लागतं. ठाण्याला उघड्यावर, वर्कशॉपच्या आवारातही उघड्यावर.

परवा वर्कशॉपच्या मॅनेजरना म्हटलं, तपासायचं तर माझ्या बेसमेंटमध्ये येऊन तपासा. आधी नाही म्हणाले. १९१५ चा तक्रार क्रमांक सांगितल्यावर काल संध्याकाळी एक टेक्निशियन लॅपटॉप आणि क्लॅम्प घेऊन आला. पोरगा हुशार निघाला. बॉनेटचं लॅच त्याने बरोबर तसंच बंद केलं, मीटर लावला, गाडी लॉक केली आणि आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तासभर बसलो. मी चहा आणला. तासानंतरही मीटरवर २.३ ॲम्पियर. त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. सातव्याला, म्हणजे ज्या डब्यात सिम असतं आणि जो ॲपशी बोलतो त्याच्या फ्यूजला, आकडा हलला, आणि चारेक मिनिटांत ०.०४ वर येऊन थांबला. पोरगा मीटरकडे बघत म्हणाला, "मॅडम, हा रात्रभर रेंज शोधतोय."

म्हणजे रेंज मिळत नाही म्हणून तो डबा झोपत नाही, तो झोपत नाही म्हणून गाडी झोपत नाही. आवारात रेंज फुल, म्हणून 'दोष आढळला नाही'. तेही खोटं बोलत नव्हते म्हणायचे.

मीटरचे दोन्ही आकडे जॉबकार्डवर लिहून घेतले, फोटो काढले, टेक्निशियनची सही घेतली. गाडीतला डेटा त्याने कंपनीला पाठवलाय. त्या युनिटचं नवं सॉफ्टवेअर 'चाचणीत' आहे, तारीख लेखी मागितली आहे. ब्रेकची तक्रार वेगळ्या मेलने गेली. डिकीचं झाकण अजून तसंच.

आता नवा पेच. तो म्हणतो, सॉफ्टवेअर येईपर्यंत तो फ्यूज काढून ठेवू. गाडी व्यवस्थित चालेल, पण ॲप बंद, आणि अपघातात मदत बोलावणारं एसओएस बटणही बंद, कारण तेही त्याच सिमवर. दुसरा पर्याय, गाडी वरच्या उघड्या पार्किंगला ठेवायची, पण माझा चार्जर खाली बसवलेला आहे आणि केबल तिथवर पोचत नाही. फ्यूज काढायचाच तर तो त्यांनीच काढला, त्यांच्या सांगण्यावरून काढला, असं जॉबकार्डवर यायला हवं ना? नाही तर उद्या वॉरंटीत तेच बोट दाखवतील. वकिलीतल्यांनी कृपया एवढं सांगा, शनिवारी सकाळी तो पुन्हा येणार आहे.