क्रेटा की थार? डिसेंबरमध्ये मनालीच्या बर्फात कुठली गाडी निभावेल?

बाणेरचा_चालक:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून गाडीनेच मनालीला जायचं चाललंय, आणि रस्ता उघडा असला तर अटल टनेल ओलांडून सिस्सूपर्यंत. आम्ही दोन कुटुंबं. माझ्याकडे क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक आहे, तिच्यात स्नो मोड आहे. मेव्हण्याकडे थार आहे आणि त्याचं म्हणणं असं की थार असताना क्रेटा कशाला न्यायची, बर्फात ती लोळेल. मला ताम्हिणी, वरंध, आंबोली सगळे घाट भर पावसात चालवायची सवय आहे पण बर्फावर गाडी कधी चालवली नाही, बर्फ बघितलाय तो महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या गवतावर पडलेले हिमकण तेवढाच. तर स्नो मोडचा खरंच उपयोग होतो का नुसतं बटण आहे? आणि चाकांना गुंडाळायच्या बर्फाच्या चेन लागतात का? नाना पेठेत चेन विचारल्या तर दुकानदार आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "पुण्यात कशाला हव्यात?"

सह्याद्रीवेडा:
पहिला प्रश्न, मेव्हण्याच्या थारला गिअरच्या शेजारी फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर आहे का? २०२३ पासून रिअर व्हील ड्राइव्ह थार पण मिळते आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. लिव्हरच्या जागी मोकळा कप्पा असेल तर पुढची चर्चाच वेगळी.

बाणेरचा_चालक:
आत्ताच फोन केला. कप्पा आहे. त्यात तो मोबाइल ठेवतो.

कुल्लूतला_पुणेकर:
मग बर्फाच्या चढावर तुमची क्रेटा त्या थारपेक्षा बरी चालायची शक्यता जास्त, मेव्हण्यांना जरा हळूच सांगा 😄

मी नोकरीनिमित्त काही हिवाळे कुल्लूला काढलेत म्हणून लिहितोय. क्रेटाचं इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना, म्हणजे जी चाकं गाडी ओढतात त्यांच्यावरच सगळ्यात जास्त वजन. रिअर व्हील थारमध्ये वजन पुढे आणि ढकलायचं काम मागच्या हलक्या चाकांचं, त्यामुळे जरा पाय जास्त पडला की मागची बाजू आडवी व्हायला बघते. बोलेरो, क्रिस्टा यांचंही तेच, फक्त क्रिस्टात मागे माणसं आणि सामान भरलेलं असलं की जरा पकड येते. उलट चढ फारच खडा असला तर पुढच्या चाकाची गाडीपण हात टेकते कारण चढावर वजन मागे सरकतं, म्हणून कधीकधी लोक छोटी गाडी रिव्हर्समध्ये चढवताना दिसतात, ते वेडेपणा करत नसतात. मनालीत अल्टोच्या टॅक्स्या बघा, हलकी गाडी, अरुंद टायर, पातळ बर्फातून खालच्या रस्त्यापर्यंत चावा घेतात आणि चालवणाऱ्याचा हात तयार. तिथे रुंद टायरवाली भारी एसयूव्ही नुसती बर्फावर तरंगते.

आता स्नो मोड. नुसतं बटण नाही पण जादूही नाही. थ्रॉटल सौम्य करतो, गिअर लवकर वर टाकतो, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देतो. मागच्या चाकांना त्याने ताकद जात नाही. ग्रँड व्हिटाराचं ऑलग्रिप किंवा एक्सयूव्ही ७०० चं एडब्ल्यूडी वेगळं, तिथे पुढचं चाक घसरलं की मागे ताकद जाते. आणि थार ४x४ किंवा जिमनीत फोर हाय टाकलं की पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो, खोल बर्फातून निघायला त्याच्यासारखं काही नाही, जिमनी तर हलकी पण आहे. पण तिथला सकाळचा रस्ता कसा असतो तर शंभर मीटर कोरडा डांबरी, मग सावलीतल्या वळणावर बर्फ, मग परत डांबर. कोरड्या डांबरावर फोर हाय ठेवून वळलं तर गिअरबॉक्सवर ताण येतो, म्हणून सतत काढ-घाल करावी लागते. अशा ठिगळाच्या रस्त्याला एडब्ल्यूडी जास्त सोयीचं, हे माझं मत.

सगळ्यात वाईट बर्फ पांढरा नसतोच. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून काचेसारखा पातळ थर बसतो, रस्ता फक्त ओला दिसतो. पूल, डोंगराची सावली, झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं ती जागा. आणि कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त घसरतो कारण वर पाण्याचा पापुद्रा असतो, साबणाचं पाणी सांडलेल्या शहाबादी फरशीवर चालल्यासारखं. म्हणून सकाळी दहाच्या आधी निघू नका आणि चारच्या आत हॉटेलवर परत या.

हिंजवडी_ग्रस्त:
म्हणजे फोर बाय फोर घेतली की प्रश्न मिटला ना? उगाच एवढं लांबण.

कुल्लूतला_पुणेकर:
नाही ना मिटत. फोर बाय फोर चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांनाच असतात. हिशोब करून बघा, ४० च्या स्पीडला कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये गाडी थांबते. दाबलेल्या बर्फावर ३० मीटरच्या वर आणि चकचकीत आइसवर ६० मीटरच्या पुढे, आणि यात तुमचा विचार करायचा वेळ धरलेलाच नाही. वर चढून गेलेली फोर बाय फोर उतारावर दुसऱ्याच्या डिकीत घुसलेली मी बघितलीय, ड्रायव्हरचा आत्मविश्वासच जास्त होता. फोर हायचा उतरताना एवढाच फायदा की इंजिन ब्रेकिंग चारही चाकांत वाटलं जातं. टू व्हील ड्राइव्हमध्ये आइसवर धाडकन पहिला गिअर टाकला तर तेवढी दोनच चाकं अडकून गाडी फिरू शकते, तेव्हा गिअर आधीच टाकायचा, वळण यायच्या आत.

स्टुटगार्टहून_आज्जीचा_नातू:
इकडून माझे दोन पैसे. मूळ सदाशिव पेठ, सध्या जर्मनीत. इथे कोणी फोर बाय फोर आहे का विचारत नाही, टायर कुठले ते विचारतात. "ऑक्टोबर ते ईस्टर" असा इथला टायरचा नियमच आहे लोकांच्या तोंडी. बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर कायद्यानेच लागतात, साइडवॉलवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण असं चिन्ह पाहिजे, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलेलं २०२४ च्या ऑक्टोबरपासून चालत नाही. कारण साधं आहे, आपल्याकडच्या उन्हासाठी बनवलेल्या टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. विंटर टायर लावलेली साधी पोलो समर टायरच्या महागड्या ऑल व्हील गाडीच्या आधी थांबते, हे इथे दर हिवाळ्यात दिसतं. मागच्या चाकाच्या मर्सिडीज बीएमडब्ल्यू पण इथे आरामात फिरतात, टायर आणि ईएसपीच्या (गाडी घसरू लागली की सावरणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर. भारतात विंटर टायर सहज मिळत नाहीत आणि एका ट्रिपसाठी परवडणारही नाहीत, म्हणून तुमच्यासाठी चेनच. थारला लावलेले ते गुबगुबीत मड टायर असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका, मऊ बर्फात ठीक पण आइसवर ते मोठे ठोकळे पकडत नाहीत.

सिंहगडरोडचा_ईव्हीवाला:
मधेच विचारतो, नेक्सॉन ईव्ही घेऊन कोणी गेलंय का? रेंजचं काय होतं?

स्टुटगार्टहून_आज्जीचा_नातू:
थंडीत रेंज बरीच कमी होते, बॅटरी थंड असते आणि हीटर तिच्यातूनच चालतो. पण ईव्ही बर्फात चालत नाहीत हे खोटं, नॉर्वेत २०२४ ला विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या आणि तिथे हिवाळा काय असतो ते सांगायला नको. एक जपा, रीजेन (मोटरनेच गाडी हळू करून बॅटरी चार्ज करणं) एकदम कमीवर ठेवा. अॅक्सिलरेटर सोडल्या सोडल्या रीजेन फक्त पुढच्या चाकांना धरतो आणि आइसवर तेवढ्यानेही चाक घसरतं. चार्जर वर कुठे आहेत ते मात्र हिमाचलवाल्यांना विचारा.

गॅरेजवाला_धनकवडी:
गाड्या कुठल्याही न्या, पण आधी पाणी बघा. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत कूलंटमध्ये साधं पाणी ओतून ओतून कूलंट नावालाच उरलेलं असतं. निम्मं-निम्मं मिश्रण करून घ्या, उणे तीसच्या खालीसुद्धा गोठत नाही. काच धुवायच्या टाकीतलं नळाचं पाणी काढून टाका नाहीतर पाइप फुटेल. चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर बदलूनच जा, थंडीत तिची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त ताकद लागते, दोन्हीकडून मार.

डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. तुमचं पुण्याचं डिझेल इंदूरच्या आसपासच संपेल, पण चंदीगडच्या सपाटीवर टाकी फुल करून वर जाऊ नका, वरच्या पंपावर भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ डिग्रीपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलंय. हवा पण तपासा, पुण्यात भरलेली तिथे सकाळी थंडीत कमी दिसते. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो आपोआप लागणं बंद करा.

कुल्लूतला_पुणेकर:
धनकवडीवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. आणि अडकलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ही गमतीची नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात गाड्या अडकून वीसच्या वर माणसं गेली, त्यात हीटर चालू ठेवून गाडीत बसलेली कुटुंबं होती. बर्फाने सायलेन्सर बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, वास नाही काही नाही. दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, काच बोटभर उघडी, इंजिन सतत चालू नाही. फावडं, ब्लँकेट, पाणी, खायला काहीतरी गाडीत पाहिजेच.

बर्फ पडत असला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगला अडवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात, कधी कोणालाच नाही. चेन नसतील तर तुमच्या दोन्ही गाड्या तिथेच थांबतील. टनेल ९ किलोमीटरचा आहे आणि आत रस्ता कोरडा, त्याने फसू नका, बाहेर पडल्या पडल्या दहा हजार फुटांवरचा बर्फ समोर असतो.

बाणेरचा_चालक:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं की दोन्ही गाड्या मनालीपर्यंत, पुढे स्थानिक फोर बाय फोर ड्रायव्हरसकट. मेव्हणा रुसलाय, म्हणतो थारला चेन लावून येतोच. त्याच्या चेन कुठल्या चाकांना?

गॅरेजवाला_धनकवडी:
त्याच्या मागच्या, तुमच्या पुढच्या. ज्या चाकांना ताकद त्यांनाच. क्रेटाचा टायर २१५/६० आर १७ असेल तर त्याच मापाच्या घ्या आणि आतल्या बाजूला शॉकअॅब्सॉर्बर आणि ब्रेक पाइपला घासत नाहीत ना ते बघा. स्पीड ३० च्या वर नाही, डांबर लागलं की काढायच्या. आणि निघायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून एकदा लावून-काढून बघा दोघांनी. वॉचमन विचारेल, विचारू दे.