हेबिअस कॉर्पस चालू असताना भावाची काही दिवसांपुरती सुटका मागता येते का? (गोवा)

सत्तरीची_लेक

नमस्कार मंडळी. वाळपईजवळच्या गावातून लिहिते आहे. माझा थोरला भाऊ राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली (रासुका) कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात स्थानबद्ध आहे. चवथ आटोपली आणि त्याला नेलं. त्याच्यावर मारामारीच्या दोन जुन्या केसेस आहेत, दोन्हींत जामीन झालेला. स्थानबद्धतेचा आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळासमोर वकील चालत नाही म्हणून तो एकटाच बोलला. मंडळाने आदेश योग्य ठरवला. मग आम्ही पर्वरीला उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा अटकेतून सोडवण्याची, याचिका घातली. नोटीस निघाली, सरकारी वकिलांनी उत्तराला वेळ मागितला आणि पुढची तारीख नाताळच्या सुट्टीनंतरची पडली.

तोवर थांबलोही असतो. पण बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) आहेत. फार आशा धरू नका असं डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. शुद्धीवर असले की बाबा एवढंच विचारतात, तो कधी येणार.

मुलाखतीला गेले तेव्हा दादाला हे सांगितलं. त्याने स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहून दिला: वडिलांपाशी राहायला पंधरा दिवस सोडा, घालाल त्या अटी पाळीन. अर्जाची पोच आहे. पण त्यावर निर्णय कोण घेणार, सरकार की कोर्ट, हे आम्हांला समजत नाही. आमचे वकील म्हणतात, हेबिअसमध्ये जामीन नसतो, आणि मागितला तर मूळ याचिकेत दम नाही असं दिसेल. हे खरं आहे का? आणि सुटका मिळालीच तर ते दिवस पुढे शिक्षेसारखे जोडतात का?

कोणाला माहिती असेल तर कृपा करून लवकर सांगा.

पेडणेकर

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण रासुका उगीच कोणाला लावत नाहीत. बाहेर आला आणि काही घडलं तर जबाबदार कोण?

सत्तरीची_लेक

दादाने काय केलं ते त्या दोन खटल्यांत कोर्ट ठरवील, आणि शिक्षा झाली तर तो भोगेल. पण आत्ता तो शिक्षेवर नाही. खटला न चालवता आत ठेवलेला आहे. मरणाच्या दारातल्या बापाजवळ मुलाने बसावं, एवढंच मागते आहे.

मडगावची_वकील

ताई, आधी एक सांगा. दोन्ही केसेसमधला जामीन अजून कायम आहे ना? रद्द झाला असेल तर दादा न्यायालयीन कोठडीतही धरला जाईल आणि रासुकातून सुटूनही बाहेर येणार नाही. तसं असेल तर त्या कोर्टात वेगळा अर्ज लागेल.

जामीन कायम आहे असं धरून लिहिते. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींवर एकदमच चालायला हरकत नाही.

पहिली वाट सरकारची. रासुकाचं कलम 15 नेमकं यासाठीच आहे. स्थानबद्ध माणसाला ठरावीक मुदतीपुरतं सोडण्याचा अधिकार सरकारला आहे. हमीपत्र घेता येतं, जामीनदार मागता येतो. दिलेल्या वेळी हजर झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पेडणेकरांच्या प्रश्नाला कायद्याने दिलेलं उत्तर हेच. दादाचा अर्ज या कलमाखालचा आहे असं स्पष्ट लिहून त्याची एक प्रत गृह खात्याला द्या, आणि पोच घ्या.

दुसरी वाट उच्च न्यायालयाची. 'हेबिअसमध्ये जामीन नसतो' हे अर्धंच खरं आहे. बिहार राज्य विरुद्ध रामबालक सिंग या 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या कलम 226 खालची (हेबिअससारखी) याचिका प्रलंबित असताना अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, सुटकेचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. मात्र तो फार जपून वापरायचा. आदेशातला दोष वरवर पाहताच दिसत असेल तर. तुमच्या वकिलांना काळजी वाटते ती यामुळे, आणि ती अगदीच चुकीची नाही. म्हणून अर्जात मूळ वादावर सगळा भर देऊ नका. वडिलांच्या आजारावर आधारलेली, मोजक्या दिवसांची मागणी ठेवा. अशी मागणी नाकारली गेली तरी मूळ याचिका पडत नाही.

दिवस जोडण्याबद्दल: सुनील फूलचंद शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2000 साली म्हटलं की पॅरोलवर (अशा तात्पुरत्या सुटकेवर) घालवलेल्या काळामुळे स्थानबद्धतेची मुदत आपोआप लांबत नाही. पॅरोलच्या आदेशातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आदेश हातात आला की ती ओळ आहे का, हे आधी बघा. रासुकात कमाल मुदत 12 महिन्यांचीच.

आणखी एक. स्थानबद्धतेची कारणं दादाला कोणत्या भाषेत दिली?

डिचोलीकर

आमच्या घरी अशी वेळ आली होती, म्हणून सांगतो. मागणी एकच ठेवू नका. 'पंधरा दिवस, ते शक्य नसल्यास आठ, तेही नसल्यास पोलीस बंदोबस्तात इस्पितळात रोज काही तास' असं उतरत्या क्रमाने लिहा. आम्हांला शेवटचं मिळालं, पण मिळालं. डॉक्टरांच्या दाखल्यावर आजाराचं नाव, प्रकृती गंभीर असल्याचा शेरा आणि ताजी तारीख हवी. शिळा दाखला घेऊन गेलं की सरकारी वकील खात्री करून घ्यायला वेळ मागतात.

सत्तरीची_लेक

जामीन दोन्हीकडे कायम आहे. कारणं आणि सगळी कागदपत्रं इंग्रजीत दिली. सोबत मराठी किंवा कोंकणी भाषांतर काहीच नव्हतं. दादा सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकला. इंग्रजीत फक्त सही करतो. 'समजावून सांगितलं' असं खाली लिहिलंय आणि त्यावर त्याची सही घेतली आहे.

मडगावची_वकील

ताई, हे तुमच्या वकिलांना आजच सांगा. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1962. तो नागपूरचा स्थानबद्ध हिंदी जाणणारा होता, कारणं इंग्रजीत दिली आणि तोंडी समजावली. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही, कारण माणसाला कारणं कळलीच नाहीत तर घटनेच्या कलम 22(5) प्रमाणे तो आपलं म्हणणं मांडणार कसं? रामबालक सिंगमध्ये जो उघड दिसणारा दोष लागतो म्हटलं, तो मांडायला हा मुद्दा सर्वांत जवळचा आहे. याचिकेत नसेल तर दुरुस्ती अर्ज देऊन घालून घ्या. अंतरिम अर्जातही एक परिच्छेद येऊ द्या.

आणि नाताळनंतरच्या तारखेची वाट बघू नका. सुट्टीतही तातडीच्या कामासाठी न्यायालय बसतं. वकिलांना प्रीसिपी (लेखी विनंती) देऊन मॅटर मेन्शन करायला, म्हणजे तातडीने सुनावणी मागायला, सांगा. फी अडत असेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

सत्तरीची_लेक

वकिलांशी आत्ताच बोलले. हरिकिसनचं नाव ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग दादाचा शाळेचा दाखला मागितला. उद्या मेन्शन करतो म्हणाले. दाखला मूळ द्यायचा की प्रत चालेल? जुना आहे, घड्यांवर फाटलाय. देव बरें करूं तुम्हां सगळ्यांचं.

मडगावची_वकील

साक्षांकित प्रत शपथपत्राला जोडा, मूळ कागद कोर्टात बरोबर असू द्या. मुख्याध्यापकांकडून 'मराठी माध्यम' असा शेरा असलेला नवा दाखला मिळाला तर जास्त बरं. शपथपत्र तुम्ही बहीण म्हणून करू शकता, दादाच्या सहीसाठी कोलवाळला जाण्यात दिवस घालवू नका.