शब्दचर्चा : 'विघटन' नेमके कशाचे? फुटणे, मोडणे, उसवणे, विरणे

नववीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'आमच्या भागातले बदल'. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळे वह्यांत माग, चादरी, बंद कारखाने येणार हे ठाऊकच होते. एका मुलीने लिहिले, "गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाचे विघटन झाले." मला काही कळेना. तिला बोलावून विचारले, "म्हणजे काय झालं गं?"

"बाई, काकांनी चूल वेगळी केली."

"मग तसंच का नाही लिहिलंस?"

"ते घरातलं बोलणं आहे ना."

ही चर्चा सुरू करण्याचे कारण एवढेच. त्याच गठ्ठ्यात पुढे गिरणीचे विघटन, कामगारांच्या एकजुटीचे विघटन, समाजाचे विघटन आणि एका मामाच्या मनाचेही विघटन सापडले. मुलांचा दोष नाही. अग्रलेख, भाषणे, गाइडे सगळीकडे तोच शब्द आहे. पण मोडतोडीसाठी मराठीत इतके नेमके शब्द असताना मुले एकाच शब्दाने भागवतात, याचे मला वाईट वाटते.

'विघटन' वाईट शब्द नाही. ओल्या कचऱ्याचे विघटन होते, म्हणजे घटक सुटे होतात आणि मूळ वस्तू उरत नाही. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन झाले हे म्हणणे चोख आहे, कारण पंधरा देश वेगळे झाले आणि सोव्हिएत संघ नावाचे राष्ट्रच राहिले नाही. पण १९४७ ला आपण विघटन म्हणत नाही. ती फाळणी. १९०५ ची बंगालचीही फाळणीच. भूमी अभिलेखाशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना 'फाळणी बारा' हा कागद माहीत असेल. जमिनीचे मोजून पाडलेले हिस्से त्यात असतात. फाळणी आपोआप होत नाही. कुणीतरी बसून, मोजून, नकाशावर रेघ ओढतो.

आणि बहामनी राज्याची झाली ती 'शकले'. शकल म्हणजे फुटलेल्या वस्तूचा तुकडा, कडा धारदार असलेला. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही ही पाच शकले एकमेकांना घासत राहिली. आमचा भुईकोट त्या घासण्यातच सापडला होता. विजापूर म्हणे सोलापूर आमचे, अहमदनगर म्हणे आमचे. शेवटी चांदबिबीच्या लग्नात तो अली आदिलशहाला आंदण म्हणून गेला. फाळणीने रेघ तरी मिळते. शकलांच्या मधली गावे सतत भांडणात सापडतात.

आता घरातले शब्द. मडके फुटते, दोरा तुटतो, काठी मोडते, कापड फाटते, शिवण उसवते. लहान मूलही यात चुकत नाही. यातल्या प्रत्येक क्रियापदाला तुकडा कुठून सुटला हे माहीत असते. 'घर फुटले' म्हणजे माणसे वेगळी झाली, 'घर मोडले' म्हणजे संसार संपला. 'घर फोडले' म्हटले तर चोर आला होता की भावजयीचे कान भरणारा शेजारी, हे पुढच्या वाक्यावरून कळते.

माझे वडील गिरणीत विणकर होते. संपाच्या गोष्टी सांगताना ते दोन क्रियापदे फार जपून वापरायचे. "त्या साली संप मोडला" म्हणजे मालकांनी, पोलिसांनी, बदली कामगार आणून तो मोडून काढला. "त्या साली संप फुटला" म्हणजे आपलेच काही लोक पहाटेच्या पाळीला गुपचूप आत गेले. पहिले वाक्य ते रागाने बोलत. दुसरे बोलताना आवाज खाली यायचा आणि ते कुणाचेही नाव घ्यायचे नाहीत. 'एकजुटीचे विघटन' या शब्दांत हा फरक कसा मावणार?

'फुटणे' या धातूकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. मडके फुटते तसा कोंबही फुटतो. पालवी फुटते, पान्हा फुटतो, मुक्याला वाचा फुटते, घाम फुटतो. आतला दाब वाढला आणि वरचे कवच त्याला पुरले नाही की फुटणे. म्हणून आमदार 'फुटतो', साक्षीदार 'फुटतो', पेपर 'फुटतो'. आतले बाहेर जाते. बाहेरून हल्ला होऊन भिंत पडली की तिला 'खिंडार' पडते, आणि ते 'पाडणारा' कुणी असतो. 'तडा' गेलेली वस्तू अजून अखंड दिसते, फक्त तिचा आवाज बदलतो. बाजारात मडके बोटाने वाजवून घेतात ते त्यासाठीच. 'भेग' कोरडेपणाने पडते. संस्थेला तडा गेला म्हणायचे की भेग पडली, हे लिहिणाऱ्याने ठरवलेच पाहिजे.

'दुफळी'तली फळी म्हणजे रांग. आघाडीची फळी म्हणतो तीच. एका रांगेच्या दोन झाल्या. 'बेकी' त्याहून साधी. बे म्हणजे दोन, पाढ्यातल्या 'बे एके बे'मधला. एकीचे उलट अनेकी नव्हे, बेकी, हे मला फार अचूक वाटते. 'फितूर' मात्र फुटीच्या घरातला नाही. ऐकायला जवळचा वाटला तरी तो अरबीतून फारसीमार्गे आलेला पाहुणा. आणि 'भाऊबंदकी' पाहा. भाऊबंद म्हणजे आपली माणसे, त्यांच्या नात्याचे नाव भाऊबंदकी असायला हवे. पण बोलणाऱ्यांनी त्याचा अर्थच भांडण असा ठरवून टाकला.

शेवटचा मुद्दा, ज्यावर मला तुमची मते हवी आहेत. 'समाजाची वीण उसवली' हे वाक्य रोज वाचायला मिळते. उसवते ती शिवण. शिवणीत दोन वेगळे तुकडे बाहेरच्या दोऱ्याने जोडलेले असतात. दोरा निघाला की तुकडे सुटतात, पण प्रत्येक तुकडा धड असतो. विणलेले कापड उसवत नाही, ते विरते. विरलेली चादर दिसायला एकसंध असते, पण उजेडासमोर धरली की पलीकडचे दिसते. म्हणून 'वीण उसवली' हे वाक्य मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद

बाई, मी तीस वर्षे यंत्रमाग चालवला, आता मुलगा चालवतो. तुम्ही बरोबर बोलताय, थोडी भर घालतो. कापड काठाकडून जातं आधी. काठ कापलेला असला की आडवे धागे सुटायला लागतात, त्याला दशा निघाल्या म्हणतो आम्ही. मधलं कापड चांगलं असतं तेव्हाही दशा निघत असतात. आणि मागावर असताना आडवा धागा तुटला तर माग थांबतो, तशी सोयच असते. उभा धागा एखादा तुटला तर साधा माग थांबत नाही. चालूच राहतो. विणकराचं लक्ष नसलं तर हातभर कापडात उभी रेघ पडलेली दिसते, मग कळतं. आपल्या मोहल्ल्यात तसं झालं असं मला वाटतं. माग चालूच होता.

प्रतिसाद

मी असहमत. 'वीण' फक्त मागावरची नसते. स्वेटरही विणतातच. सुईवरच्या विणकामात एक टाका सुटला की ओळीच्या ओळी सरसर उसवत जातात. मी माझ्या हाताने उसवले आहेत, नातवाचे माप चुकले म्हणून. तेव्हा 'वीण उसवली' हे चूक नाही. उलट एका टाक्यापायी सगळे जाते, हे त्यात फार चांगले येते.

चर्चा सुरू करणारी

तुमचे म्हणणे मान्य. मी सोलापूरची असल्याने वीण म्हटले की डोळ्यापुढे मागच येतो, सुया येत नाहीत. तर माझा आक्षेप असा बदलते : एका घटनेने सगळे भराभर सुटत गेले असेल तर 'वीण उसवली' म्हणावे. वर्षानुवर्षे घासून घासून पातळ झाले असेल तर 'विरली'. आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरे झालेले असते आणि आपण पहिले लिहितो.

वरच्या विणकर दादांचा 'दशा' शब्द वाचून फार बरे वाटले. संस्कृतात दशा म्हणजे वस्त्राची किनार, सुटे धागे, दिव्याची वातसुद्धा. अवस्था या अर्थाची 'दशा'ही तिथे त्याच रूपात आहे. "काय दशा झाली" म्हणताना मला यापुढे चादरीची कडा दिसणार.

प्रतिसाद

मी वकिली करतो. तुम्ही 'फूट' शब्दावर लिहिलेत म्हणून कायद्यातली एक गोष्ट सांगतो. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आपण जिला पक्षांतरबंदी म्हणतो ती. तिच्यात सुरुवातीला 'फूट' चालत होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ती फूट मानली जायची आणि सदस्यत्व टिकायचे. एकटा गेला तर अपात्र, तिघांत एक गेला तर सुरक्षित! २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने तो परिच्छेद काढून टाकला. आता उरले आहे 'विलीनीकरण', त्याला दोन तृतीयांश लागतात. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून फूट गेली. २०२२ ची शिवसेनेतली, २०२३ ची राष्ट्रवादीतली घडामोड आपण सगळे 'फूट'च म्हणतो, पण कोर्टात दोन्ही बाजू म्हणतात, आम्ही फुटलो नाही, मूळ पक्ष आम्हीच. 'गट' हा शब्दही कुणाला स्वतःसाठी नको असतो, दुसऱ्यासाठी हवा असतो.

गिरणीबद्दलही. 'जुनी मिल' म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग १९४९ साली बंद पडली आणि १९५० मध्ये सरकारने खास कायदा करून तिचे व्यवस्थापन हातात घेतले. भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ते निकाल आम्हाला आजही अभ्यासाला असतात. त्या सगळ्या प्रकरणात कंपनी कागदावर शाबूत होती. विघटन कुठे झाले?

चर्चा सुरू करणारी

'गिरणीचे विघटन' लिहिणाऱ्या मुलाला हे नक्की सांगेन. संस्थांसाठी आपल्याकडे पायऱ्या आहेत : डबघाईला येणे, बंद पडणे, दिवाळे निघणे, मोडीत निघणे. सोनाराकडे घालतो ती 'मोड', तीच इथली. मोडीत निघालेल्या वस्तूला फक्त वजन असते, रूप नसते.

प्रतिसाद

आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी. तेलुगूत दोरा 'तेगिंदि', काठी 'विरिगिंदि', मडके 'पगिलिंदि'. मराठीसारखेच तीन वेगळे. पण दूध नासले तरी हेच क्रियापद, 'विरिगायि', आणि मन एखाद्यावरून उडाले तरी 'विरिगिंदि'. आजी म्हणायची, त्या दोघांनाही परत पहिल्यासारखे करता येत नाही. कन्नडमध्ये घर फोडणाऱ्याला 'मनेमुरुक' म्हणतात. मुरि म्हणजे काठीसारखे मोडणे. म्हणजे मराठी माणूस घर फोडतो आणि कन्नड माणूस घर मोडतो.

चर्चा सुरू करणारी

आपल्याकडे म्हणच आहे, फुटले मोती, तुटले मन, सांधू न शके विधाता. मोत्याला फुटणे, मनाला तुटणे. मनाला दोऱ्याचे क्रियापद दिले, कारण ते कुणाशी तरी बांधलेले असते.

प्रतिसाद

निबंधातल्या मामाबद्दल वाचले म्हणून लिहिते. माझ्या भावाला 'छिन्नमनस्कता', म्हणजे स्किझोफ्रेनिया, आहे. निदान झाले तेव्हा आईने शब्दाचा अर्थ विचारला आणि कुणीतरी सांगितले, मनाचे तुकडे झालेत, एका माणसात दोन माणसे. आई महिनाभर त्याच्याकडे दुसरा कुणीतरी असल्यासारखी बघत होती. ते खरे नव्हते. त्याला आवाज ऐकू येत, संशय येत, विचारांची ओळ लागत नसे, पण तो तोच होता. औषधाने आता पुष्कळ बरा आहे. एक शब्द घरात काय करतो ते मी पाहिले आहे.

चर्चा सुरू करणारी

ताई, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. या शब्दाची अडचण मुळातूनच आली आहे. १९०८ साली ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीकमधला 'चिरणे' आणि 'मन' जोडून आजाराला नाव दिले. त्यांना विचार, भावना यांचा एकमेकांशी सुटलेला मेळ म्हणायचा होता, दोन व्यक्ती नव्हेत. आपण त्याचे इमानाने 'छिन्न' केले. जपानमध्येही 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचे नाव होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी ते बदलण्याचा आग्रह धरला आणि २००२ साली तिथे 'मेळ बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचे नवे नाव आले. मराठीतही कुणीतरी हे काम हाती घ्यावे असे मला फार वाटते. 'मेळ' किती जवळचा शब्द आहे. भजनात मेळ चुकतो, पुन्हा लागतोही.

माणसासाठी आपले बोलीतले शब्द मला जास्त माणुसकीचे वाटतात. विहीर खचते तसा माणूस 'खचतो', म्हणजे खालचा आधार गेला. 'कोलमडतो', म्हणजे भार पेलला नाही. 'सैरभैर होतो'. 'मोडून पडतो'. यातल्या एकाही शब्दात तो दुसराच कुणी झाला असे येत नाही. ज्याच्या मामाच्या मनाचे विघटन झाले होते, त्या मुलाला आज विचारले. मामांचे माग विकावे लागले तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत. त्याने स्वतःच खोडून वर लिहिले, "मामा खचला."

प्रतिसाद

आणि त्या मुलीचे काय झाले? तिने वाक्य बदलले का?

चर्चा सुरू करणारी

हो. मी तिला 'विभक्त' सुचवून पाहिले, ते तिला रेशनकार्डासारखे वाटले. मग म्हणाली, बाई, पण सगळं वेगळं नाही झालं, ते कसं लिहू? काल वही परत आली. त्यात आहे : "गेल्या वर्षी काकांनी चूल वेगळी केली. माग दोघांत दोन-दोन आले. देव अजून आमच्याच खोलीत आहेत, काकू रोज सकाळी पूजेला येते."