नदीतील पाइकसाठी आमिष आणि वासाचा माग

काठावरचा (प्रश्न)

संथ तळ्यात पाइकसाठी (गोड्या पाण्यातील मोठा शिकारी मासा) मेलेला मासा तळाशी ठेवून वाट पाहण्याची पद्धत मला बऱ्यापैकी साधली आहे. नदीत मात्र तेच आमिष, तीच जोडणी आणि तितकाच संयम ठेवूनही फारसे काही गळाला लागत नाही. याचे कारण आमिषात आहे की ते मांडण्याच्या रीतीत, हे मला ठरवता येत नाही. नदी मध्यम रुंदीची आहे. खोली साधारण दोन ते तीन मीटर, मधली धार जोरकस, काठाला काही ठिकाणी पाण्यावर झुकलेली झाडे आणि एका बंधाऱ्याखाली मोठा डोह. हिवाळ्यात पाणी बहुधा चढलेले आणि थोडे गढूळ असते. मी सध्या गोठवलेले सार्डिन आणि मॅकरेल हे समुद्री मासे वापरतो, त्यांत पिचकारीने माशाचे तेल भरतो आणि सरकत्या वजनावर तळाशी ठेवतो.

वाहत्या पाण्यात या तेलाचा खरोखर उपयोग होतो का? पाइक जवळ यावा म्हणून पाण्यात चारा टाकणे योग्य ठरते की त्यामुळे मासा पोट भरून निघून जातो? आणि आमिष एका जागी ठेवावे की हलते ठेवावे? जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्याचा माझा विचार नाही, त्यामुळे उत्तरे ती पद्धत वगळून मिळाली तर बरे.

डोहशोधक

आपल्या वर्णनावरून मला आमिषात काही उणे दिसत नाही, मांडणीत मात्र दिसते. तळ्यात वास आमिषाच्या भोवती सावकाश सगळीकडे पसरतो आणि आसपास हिंडणारा पाइक केव्हा ना केव्हा त्यात शिरतो. नदीत हा वास वाऱ्यावरच्या धुराच्या रेघेसारखा एकाच दिशेने, अरुंद पट्ट्यात वाहत जातो, आणि त्या पट्ट्यात पाइक नसेल तर आमिष कितीही उत्तम असले तरी त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून नदीवर पहिला निर्णय आमिषाचा नसून जागेचा असतो.

पाइकची शरीररचना पाहिली तर तो कोठे असेल याचा अंदाज येतो. लांबट शरीर, पाठीचा आणि पोटाखालचा पर दोन्ही शेपटीजवळ, म्हणजे दबा धरून एका झटक्यात झेपावणारा मासा, धारेशी दिवसभर झुंजत राहणारा नव्हे. पाणी चढलेले असताना तो आणि त्याचे भक्ष्य असलेले लहान मासे दोघेही संथ पाण्यात सरकतात: वळणाच्या आतल्या बाजूला, उपनदीच्या मुखाशी, पुलाच्या खांबामागे, झुकलेल्या झाडांखाली किंवा बंधाऱ्याखालच्या डोहाच्या कडेला. जोरकस धार आणि संथ पाणी जेथे एकमेकांना भिडतात तेथे पृष्ठभागावर एक शिवण दिसते. त्या शिवणीच्या संथ बाजूला, संथ पाण्याच्या वरच्या टोकाशी आमिष ठेवले, तर त्याचा वास त्या सगळ्या पट्ट्यातून खाली जातो. आपण आमिष भर धारेत ठेवत असाल तर वास पाइकच्या शेजारून निघून जात असणार.

डोहाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भोवऱ्यात काठालगतचे पाणी बहुधा उलट, म्हणजे नदीच्या वरच्या दिशेने वाहते. तेथे वासाचा मागही उलटाच जातो. गळ टाकण्यापूर्वी पाण्यावर तरंगणारी पाने आणि फेस काही मिनिटे पाहिले, तर आमिष भोवऱ्याच्या कोणत्या टोकाला ठेवावे हे ठरवता येते.

आता तेलाविषयी. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते तळाशी न राहता वर चढते आणि धारेबरोबर पृष्ठभागावरून निघून जाते. थंड पाण्यात ते घट्टही होते आणि आमिषातून सावकाश सुटते. माशाला वास येतो तो मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा, विशेषतः अमिनो आम्लांचा, आणि ती रक्तात व मांसाच्या रसात भरपूर असतात. म्हणून तेल भरण्यापेक्षा आमिषाच्या दोन्ही बाजूंना सुरीने चार तिरके छेद देणे किंवा मॅकरेल मधोमध तिरका कापून अर्धाच वापरणे मला अधिक फलदायी वाटते. अर्धा मासा अखंड माशापेक्षा जास्त रस सोडतो, धारेचा दाब कमी घेतो आणि दूरवर नीट फेकताही येतो. लॅम्प्री या सापासारख्या लांबट माशाचे तुकडे तर रक्त सोडण्यात सगळ्यांच्या पुढे आहेत. तेल पूर्ण सोडून द्या असे मी म्हणणार नाही, पण त्याला दुय्यम स्थान द्यावे.

वाहती_दोरी

जागेविषयी वर लिहिलेले सर्व मला मान्य आहे. वासावर एवढा भर देण्याविषयी मात्र थोडा मतभेद नोंदवतो. पाणी गढूळ असताना वास उपयोगी पडतो, यात वाद नाही. परंतु पूर ओसरून पाणी निवळू लागले की पाइक पुन्हा डोळ्यांनी शिकार करू लागतो, आणि अशा वेळी तळाशी निश्चल पडलेल्या माशापेक्षा हलणारा मासा त्याला लवकर उचकवतो. पाइकचे डोळे पुढच्या आणि वरच्या दिशेला पाहतात, म्हणून त्याच्या किंचित वरून जाणारी वस्तू त्याला चांगली दिसते. शिवाय अंगाच्या बाजूची संवेदनशील पार्श्वरेषा आणि जबड्याखालची छिद्रे जवळच्या पाण्यातली हालचाल टिपतात.

मेलेला मासा हलता ठेवण्याच्या दोन रीती नदीला विशेष मानवतात. पहिली, फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) आमिष तळापासून वीत-दीड वीत वर राहील असे लावून ते शिवणीच्या कडेने धारेबरोबर सोडत जायचे आणि मधूनमधून दोरी रोखायची. दोरी रोखली की आमिष धारेत वर उचलले जाते आणि सोडली की पुन्हा खाली जाते, आणि पुष्कळदा पाइक नेमका त्या उचलण्याच्या क्षणी धरतो. या रीतीने एका तासात जेवढा काठ तपासून होतो तेवढा तळाशी आमिष ठेवून दिवसभरात होत नाही. दुसरी रीत म्हणजे लहान मासा गळाला लावून फेकायचा, बुडू द्यायचा, थोडा ओढायचा आणि पुन्हा बुडू द्यायचा. थंड पाण्यात ही ओढ अगदी संथ असावी.

कृत्रिम आमिषांचाही विचार करावा. किंचित गढूळ पाण्यात मोठ्या पात्याचा स्पिनर (ओढताना पाते फिरणारे आमिष) कंपनांमुळे उपयोगी पडतो आणि भडक रंग दिसण्यास मदत करतो. निवळ पाण्यात रुपेरी चमचा (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) किंवा मऊ रबरी मासा पुरतो. रंगांच्या चर्चेत लोक फार वेळ घालवतात असे माझे मत आहे. आमिष किती खोलीवर आणि किती वेगाने जाते याला रंगापेक्षा पुष्कळ जास्त महत्त्व आहे.

मोजका_चारा

चाऱ्याचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, म्हणून त्यापुरते लिहितो. पाइकला थेट खाऊ घालण्यासाठी टाकलेला चारा आणि त्याच्या भक्ष्याला जमवण्यासाठी टाकलेला चारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नदीत मी दुसरीला झुकते माप देतो. पावाचा चुरा आणि थोड्या अळ्या यांचे घट्ट गोळे संथ पाण्याच्या वरच्या टोकाला थोड्या थोड्या वेळाने टाकत राहिले, तर रोच आणि डेस यांसारखे लहान मासे तेथे गोळा होतात. पाइक त्या गर्दीच्या मागे येतो. लहान मासे पकडणाऱ्यांच्या गळावरचा मासा काठाजवळ येता येता पाइकने हिसकावून नेणे ही नेहमीची घटना याच कारणाने घडते. गोळे हलके असतील तर धार त्यांना वाहून नेते आणि आपण जमवलेले मासे खालच्या वळणावर जमतात, म्हणून त्यांत चिकणमाती मिसळून ते जड करावेत.

पाइकसाठी थेट चारा टाकायचाच असेल तर तो मोजका असावा. माशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पाण्यात विरघळणाऱ्या जाळीच्या पिशवीत बांधून गळाजवळच अडकवले, तर ते आमिषाच्या शेजारीच पडतात आणि वासाचा उगम एकाच ठिकाणी राहतो. मोठे तुकडे टाकू नयेत. थंड पाण्यात पाइकचे पचन मंदावते आणि एक भरपेट जेवण त्याला दीर्घकाळ पुरते. स्पंजचा तुकडा माशाच्या रसात भिजवून छिद्रांच्या फीडरमध्ये (दोरीला लावायच्या लहान डबीत) भरणे ही आणखी चांगली युक्ती आहे, कारण त्यात वास आहे आणि खाण्यासारखे काहीच नाही.

नियमांचे दोन शब्द. आयर्लंड, स्कॉटलंड आणि जर्मनी येथे जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यास मनाई आहे, त्यामुळे आपला निर्णय तेथेही चालेल. इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात पाइकची मासेमारी बंद असते. गोड्या पाण्यातील मेलेला मासा एका जलाशयातून दुसऱ्यात नेल्यास रोग पसरण्याचा धोका असतो. गोठवलेला समुद्री मासा त्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. ईल हा सापासारखा मासा टिकाऊ आमिष म्हणून पूर्वी लोकप्रिय होता, पण युरोपीय ईल आता अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो आणि त्याला हात लावू नये.

काठावरचा

सर्वांचे आभार. मी आमिष बहुतेक वेळा शिवणीच्या चुकीच्या बाजूला, म्हणजे धारेतच ठेवत आलो आहे, हे आता स्पष्ट झाले. अजून दोन शंका उरतात. सार्डिन फार मऊ असल्यामुळे फेकताना गळावरून निसटते, त्यावर काय करावे? आणि चढलेल्या पाण्यात दोरीवर पाने, काटक्या अडकून वजन सरकते, तेव्हा मासा लागला की कचरा लागला हे कसे ओळखायचे?

डोहशोधक

सार्डिन वितळू न देता गोठलेलेच गळाला लावावे आणि शेपटीच्या बुडाशी लवचिक दोऱ्याचे काही वेढे द्यावेत, म्हणजे ते फेकीत टिकते. पाण्यात गेल्यावर ते सावकाश वितळते आणि त्याच वेळी रस सोडू लागते. नदीसाठी मला त्याहून स्मेल्ट हा लहान मासा अधिक पसंत आहे, कारण त्याचे अंग घट्ट असते आणि काकडीसारखा त्याचा वास पाइकला आवडतो असे दिसते. तळाशी ठेवताना वरचा ट्रेबल (तीन टोकांचा गळ) शेपटीच्या बुडात आणि खालचा कुशीत असावा. धारेत टांगून ठेवायचे असेल तर उलट करून वरचा ट्रेबल ओठांत लावावा, म्हणजे आमिषाचे तोंड धारेकडे राहते आणि ते गरगर फिरत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर रॉडच्या मांडणीत आहे. रॉड शक्य तेवढा उभा ठेवून दोरी पाण्याबाहेर उचलून धरली की वाहत्या कचऱ्याला अडकायला दोरीच कमी मिळते. त्याहून चांगले म्हणजे काठाच्या अगदी जवळच्या संथ पाण्यात मासेमारी करावी. हिवाळ्यातील पाइक पुष्कळदा रॉडच्या टोकाखालीच असतो. कचरा अडकला तर दोरीवरचा ताण हळूहळू वाढत जातो आणि मग वजन एकदम सरकते. पाइकने आमिष उचलले तर धक्के जाणवतात किंवा ताण अचानक नाहीसा होऊन दोरी ढिली पडते. आपण धारेच्या वरच्या दिशेला गळ टाकला असेल तर ढिली दोरी हीच मुख्य खूण समजावी, आणि लोंबता सूचक (दोरीला अडकवलेली खूण) लावल्यास ती लगेच दिसते.

खूण दिसताच दोरी गुंडाळून ताण घ्यावा आणि लगेच हिसका द्यावा. मासा आमिष गिळेपर्यंत थांबण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण गळ खोल गेला की कल्ल्यांना इजा होते आणि सोडलेला मासा वाचण्याची शक्यता कमी होते. किमान ४५ सेंटीमीटरचा तारेचा ट्रेस (गळ आणि दोरी यांच्यामधली तार), लांब चिमटा, तार कापण्याची पक्कड आणि ओली केलेली चटई जवळ नसेल तर गळ टाकूच नये. एका जागी अर्ध्या तासाहून जास्त थांबू नये. तेवढ्या वेळात वासाचा माग खालच्या पाइकपर्यंत पोहोचलेला असतो, आणि तो आला नसेल तर आमिष काही मीटर सरकवून नवा पट्टा धरावा.