मिजेट, ड्वार्फ, पिग्मी, पेटीट: मराठीत सगळेच 'बुटके'?

प्रश्न : भाषांतर करताना मिजेट, ड्वार्फ, पिग्मी या तिन्हींसाठी 'बुटका' किंवा 'ठेंगू' एवढंच सुचतं. पेटीटला मी 'सडपातळ' लिहितो. यांतला नेमका फरक काय? आणि पतसंस्थेतली पिग्मी ती हीच का?

उत्तर : हे शब्द लहान, त्याहून लहान असे एका ओळीत लावता येत नाहीत. कशाच्या तुलनेत लहान, हे आधी बघा. ड्वार्फ म्हणजे आपल्याच वर्गातल्या इतरांपुढे खुजा. खगोलशास्त्रात ड्वार्फला 'बटू' म्हणतात : श्वेत बटू तारा (व्हाइट ड्वार्फ) साधारण पृथ्वीएवढा असतो, तरी तो 'बटू', कारण तुलना ताऱ्यांशी आहे. प्लूटो 2006 पासून बटुग्रह. नारळाच्या बाबतीत मात्र 'ठेंगू जात' लिहा. शेतकरी तसंच म्हणतात, तिथे 'बटू' कुणाला कळणार नाही.

उत्तर : माणसाबद्दल लिहिताना मिजेट वापरूच नका. मिज म्हणजे चिलटासारखी बारीक माशी, त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागून हा शब्द झाला. जत्रा-सर्कशीत माणसं 'दाखवण्या'साठी तो वापरला गेला आणि आज ती सरळ शिवी आहे. अमेरिकेतली 'लिटल पीपल ऑफ अमेरिका' ही संघटना 1957 मध्ये 'मिजेट्स ऑफ अमेरिका' या नावाने सुरू झाली होती; तिनेच पुढे हा शब्द टाकला. जुन्या कोशांत 'प्रमाणबद्ध तो मिजेट, नसलेला तो ड्वार्फ' असा भेद सापडतो, तोही उचलू नका.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ड्वार्फिझमची व्याख्या आहे : वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी उंची 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. म्हणजे अट दुहेरी आहे. नुसती 145 सेंटिमीटर उंचीची बाई या व्याख्येत बसत नाही. म्हणून 'कमी उंची' आणि 'ड्वार्फिझम' यांची सरमिसळ करू नका. मजकुरात उंचीचा संबंधच नसेल तर त्या व्यक्तीचं नुसतं नाव पुरतं.

उत्तर : पिग्मीचं मूळ ग्रीक आहे : कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंतचं माप. अमरकोशातली 'रत्नि' अगदी हेच माप, आपल्या 'हात' या मापापेक्षा थोडं तोकडं. ग्रीक कथांत या एवढ्याशा लोकांची करकोच्यांशी लढाई होते. मध्य आफ्रिकेतल्या अरण्यवासींना हे नाव युरोपीयांनी नंतर चिकटवलं. त्यांच्याबद्दल लिहिताना बाका, आका, म्बुटी, त्वा अशी त्यांची स्वतःची नावं द्या.

आणि हो, पतसंस्थेतली पिग्मी हाच शब्द. कर्नाटकातल्या उडुपीत सुरू झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने 1928 मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आण्यांइतकी बारीक रक्कम गोळा करायची योजना काढली, तिचं हे नाव. लहान होती ती ठेव. आता तोही अर्थ गळाला आहे : व्यापारी रोज पाचशे रुपये भरतो, तरी त्याची पिग्मीच. त्यामुळे इंग्रजी मजकुरात 'पिग्मी कलेक्शन' दिसलं की 'दैनंदिन ठेव' लिहा, 'अल्पबचत' नको. अल्पबचत म्हणजे पोस्टातल्या योजना.

उत्तर : पेटीटला 'सडपातळ' चुकेल, निदान कपड्यांच्या लेबलवर. तिथे तो उंचीचा शब्द आहे : साधारण 5 फूट 4 इंचांखालच्या स्त्रियांसाठी बाही, खांदा आणि पायाची लांबी कमी करून शिवलेला कपडा. कंबर कितीही असू शकते. 'पेटीट प्लस' असाही माप-गट मिळतो. तिथे 'कमी उंचीसाठी' लिहा. एखाद्या व्यक्तीचं वर्णन असेल तर 'लहान चणीची' चपखल बसतं. पुरुषाला पेटीट म्हणत नाहीत.

प्रश्न : मग मिनिएचर आणि मिनिस्क्यूल ही 'मिनी'चीच भावंडं ना?

उत्तर : भावंडं दोन्ही नाहीत. 'मिनी' हेच मुळात मिनिएचरचं छोटं रूप आहे. मिनिस्क्यूल लॅटिन 'मायनस'च्या घरातला, मूळ अर्थ हस्तलिखितातलं लहान अक्षर. म्हणून स्पेलिंगमध्ये 'मिन'नंतर यू येतो, आय नव्हे. मिनिएचर आला 'मिनियम'वरून, आणि मिनियम म्हणजे आपला शेंदूर! पोथ्यांतली अक्षरं शेंदराने रंगवायची, त्या कामाचं हे नाव. पोथीतली चित्रं आकाराने लहान, त्यात 'मिनिमम'शी ध्वनी जुळला, आणि अर्थ 'लघु'कडे सरकला. 'लघुचित्र' हा प्रतिशब्द या नंतरच्या अर्थावर बेतलेला आहे; तो चालू द्या, फक्त व्युत्पत्ती सांगताना शेंदूर विसरू नका.