भाड्याच्या गाडीला ओरखडे: मालक २८,७०० मागायलाय, यातलं माझ्या माथी खरंच किती?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लातूरला तीन दिवसांसाठी स्वतः चालवायला हॅचबॅक घेतली होती. भाडं रोज १,८००, डिपॉझिट १०,०००. औसा, तुळजापूर असा प्रवास झाला आणि एक दिवस कळंब तालुक्यात शेतवाटेनं गाडी न्यावी लागली. गाडी रात्री साडेनऊला परत दिली. चावी घेणाऱ्या मुलानं गाडीभोवती चक्करसुद्धा मारली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो आणि हिशेब आला: डावीकडचे दोन दरवाजे रंगवणे ९,०००, पुढचा बंपर नवा ६,५००, मागचा डावा टायर नवा (गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, फुगा आलाय) ४,२००, आणि गाडी उभी राहणार म्हणून पाच दिवसांचं भाडं ९,०००. एकूण २८,७००. डिपॉझिट जप्त करून वर १८,७०० द्या म्हणायलेत.

दरवाजांवरच्या बारीक रेघा शेतवाटेच्या बाभळींनी पडल्या असतील, ते मला नाकारायचं नाही. बंपरची खालची कड एका गतिरोधकाला घासली, तेही खरं. टायरचं मात्र काहीच माहीत नाही. घेताना व्हिडिओ काढलाय, पण गाडीवर धूळ होती आणि डावी बाजू सावलीत होती. कागदावर करार नाही. "गाडीला काही झालं तर जबाबदारी तुमची" एवढा एक मेसेज आहे. नेमकं किती द्यायचं, ते कसं ठरवायचं?

रंगपत्रा

दादा, एकूण आकड्यावर घासाघीस करू नका. चारही बाबी सुट्या करा, कारण प्रत्येकीचं उत्तर वेगळं निघतं.

आधी दरवाजे. कंपनीतून आलेला रंगाचा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तो ४०-५० मायक्रॉनचा. त्याखाली रंग, मग प्रायमर (रंगाखालचं अस्तर), मग पत्रा. वेड्या बाभळीच्या फांद्या गाडीच्या अंगाला घासत गेल्या की लांब, आडव्या, एकमेकींना जवळजवळ समांतर रेघा पडतात आणि बहुतेक वेळा त्या क्लिअर कोटमध्येच थांबतात. जागा शाम्पूच्या पाण्यानं धुवा. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत उमटली, तर ती वरवरची समजा. मग रेघेला आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर रबिंग कंपाउंड आणि मशीन पॉलिशनं काम भागतं. अगदीच हट्टी रेघ असेल तर त्याआधी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत हलक्या हातानं मारतात. अशा दरवाजाला रंग मारायची गरज नाही, उलट कंपनीचा रंग घालवून गॅरेजचा रंग चढवणं हे गाडीचंच नुकसान आहे.

नख अडकतंय आणि रेघेच्या तळाशी करडा किंवा पांढरट प्रायमर दिसतोय, तर मात्र तो दरवाजा रंगवावा लागणार, त्यात मालकाचं बरोबर आहे. पत्रा उघडा पडला असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तिथं गंज धरतो आणि रंगाखालून पसरत जातो. एका दरवाजाचा रंग चांगल्या स्थानिक गॅरेजात साधारण अडीच ते चार हजारांत होतो. मेटॅलिक किंवा पर्ल शेड असेल तर फरक दिसू नये म्हणून शेजारच्या पॅनलवरही शेड मिसळत न्यावी लागते, खर्च थोडा वाढतो. साध्या पांढऱ्याला सहसा ती गरज पडत नाही.

बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला पत्र्याचे नियम लावू नका. नवा टाकायची वेळ तीन गोष्टींत येते: बसवायचे कान तुटले, चीर फिटिंगपर्यंत गेली, किंवा हेडलाइटशेजारची फट वाकडी झाली आणि दाबून बसत नाही. नुसती खालची कड घासली असेल तर सँडिंग, प्लास्टिकचा प्रायमर आणि रंग एवढंच काम. एखादा कान तुटला असेल तर प्लास्टिक वेल्डिंग होतं. क्लिपा तर किरकोळ किमतीत मिळतात. आणखी एक विचारा: ६,५०० मध्ये रंग धरलाय का? नवा बंपर बहुतेकदा रंग न मारलेला येतो, त्यामुळे पुढे रंगाचं वेगळं बिल येऊ शकतं.

टायरचा फुगा म्हणजे गालाच्या आतले दोर तुटलेत. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो आणि तशा टायरवर हायवेला जाऊ नये. पण पैसे नव्या टायरचे नाही, उरलेल्या आयुष्याचे. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, १.६ ला टायर संपला. म्हणजे वापरायला ६.४ मिळतात. आज खोली मोजली आणि ४.८ भरली, तर ३.२ उरलेत, बरोबर अर्धे. ४,२०० चा टायर असेल तर हिशेब २,१०० चा. गालावरचा चार आकडी तारखेचा शिक्काही बघा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांचा निघाला तर नक्षी असूनही त्याची किंमत फारशी धरता येत नाही.

गोदाकाठ

वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्याआधीचा प्रश्न हा की नुकसान तुमच्याच ताब्यात असताना झालं का.

कायद्याच्या भाषेत भाड्यानं गाडी देणं म्हणजे निक्षेप (वस्तू परत मिळण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात देणं). भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५१ म्हणतं की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घ्यायची. तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. इथं अडचण त्या मेसेजची. "जबाबदारी तुमची" याला मालक वेगळा करार म्हणेल. तरीही त्याचा अर्थ "मी सांगेन तो आकडा" असा होत नाही. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाईच आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. म्हणून कुणी "प्रत्येक ओरखड्याला ५,०००" असं छापून ठेवलं, तरी तो आकडा आपोआप लागू होत नाही.

वस्तूत आधीच दोष असेल तर कलम १५० बघा. भाड्यानं दिलेल्या वस्तूतल्या दोषानं नुकसान झालं तर देणारा जबाबदार, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. टायरसाठी हे कलम कामाचं आहे. खड्ड्यात मार बसल्यावर फुगा लगेच दिसेलच असं नाही, कधी काही दिवसांनी वर येतो. त्यामुळे तो तुमच्या तीन दिवसांतलाच, हे मालकानं दाखवायला हवं.

आता रात्री साडेनऊ ते दुसरी दुपार हा मधला वेळ. चावी घेताना तपासणी केली नाही, ही त्यांची कसूर. या वेळात गाडी कुठं गेली होती का, ते लेखी विचारा. जीपीएस असेल तर नोंद निघते, फास्टॅगची टोल नोंद निघते, आणि परतीच्या वेळचं मीटर रीडिंग तुमच्याकडे असेल तर आजचं रीडिंग मागवा. हे सगळं फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲपवरच लिहा. त्यांनी पाठवलेले फोटो "डॉक्युमेंट" म्हणून परत मागवा. साध्या फोटोतून काढल्याची वेळ निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल आली तर सहसा राहते.

मांजराकाठ

आज सकाळी जाऊन आलो. पुढच्या दरवाजावर नख कुठंच अडकत नाही. मागच्या दरवाजावर एक वीतभर रेघ अडकते, आत करडं दिसतंय. बंपरचा एक कान तुटलाय, फट ठीक आहे. टायरची खोली ४.८ भरली. गाडी अजून गॅरेजला गेलेलीच नाही. आणि एक राहिलं सांगायचं: गाडीची नंबर पाटी पांढरी आहे. त्यानं काही फरक पडतो का?

बालाघाट

फरक पडतो. पांढरी पाटी, काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ड्रायव्हरसह भाड्याची गाडी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते आणि ती रेंट अ कॅब योजना, १९८९ खाली परवान्यावर चालते. त्या परवान्याला किमान ५० गाड्या लागतात. म्हणूनच तालुक्याच्या गावात अशी पाटी क्वचित दिसते आणि लोक खासगी गाड्याच फिरवतात.

खासगी गाडीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा भाग असतो. त्यात भाड्यानं देणं वगळलेलं आहे. गाडी भाड्यानं होती हे कळलं की कंपनी क्लेम नाकारू शकते. ओरखड्यापुरतं हे किरकोळ वाटेल, पण कुणाला धडक बसली असती तर विमा कंपनी हात वर करू शकली असती आणि लाखांची जबाबदारी तुमच्यावर आणि मालकावर येऊ शकली असती. गाडी घेताना आरसी (नोंदणीचा कागद) आणि पॉलिसी बघायची ती यासाठी.

मालक विम्याकडे न जाता तुमच्याकडे का येतो, त्याला पाटीशिवाय दुसरंही कारण असतं. काळी पाटी असलेलेही छोट्या कामाला क्लेम टाळतात. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो आणि तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. शिवाय प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याची कपात) कापला जातो, आणि १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले १,००० स्वतः भरावे लागतात. या धंद्यात ही अडचण खरी आहे, मालकाला सरसकट लुटारू समजू नका. ज्याच्या तीनच गाड्या आहेत, त्याची एक उभी राहिली तर महिन्याचा हप्ता अडतो.

पण पाच दिवस कशाचे? एक दरवाजा आणि बंपर रंगायला दोन दिवस धरा. टायर तर अर्ध्या तासात बसतो. पाटी पांढरी म्हणून तुमच्याकडून झालेलं नुकसान माफ होत नाही, आणि "आरटीओला सांगतो" असली भाषा तर अजिबात वापरू नका. धमकी दिली की तुमची खरी बाजूही लंगडी पडते.

रंगपत्रा

तुमच्या मोजमापावरून: पुढचा दरवाजा रबिंग-पॉलिश १,०००, मागचा रंग ३,५००, बंपरचं वेल्डिंग आणि रंग ३,०००, दोन दिवसांचं भाडं ३,६००. बेरीज ११,१००. टायर मान्य केला तर त्यात २,१०० मिळवा, १३,२००. म्हणजे डिपॉझिट परत मिळण्याची आशा धरू नका, पण वरचे १८,७०० ही मागणीही टिकत नाही. टायरचा निम्मा-निम्मा भार घेऊन १२,१५० ला मिटलं तर मी वाजवी म्हणेन. काम तुम्ही ठरवलेल्या गॅरेजात मालकासमोर करून द्यायची तयारीही दाखवा, बऱ्याचदा तिथंच तिढा सुटतो. पैसे द्याल ते बिलावर. बिलात गाडीचा नंबर, पॅनलचं नाव, मजुरी आणि रंग वेगवेगळे हवेत. काम न करता नुसतं कोटेशन दाखवून पैसे घेऊ देऊ नका.

गोदाकाठ

नाहीच ऐकलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग जिल्हा ग्राहक आयोग. गाडी भाड्यानं देणं हा त्यांचा नियमित धंदा असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं. तक्रारीत "करारच अन्यायकारक आहे" असा मुख्य मुद्दा घेऊ नका, तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राज्य आयोगापुढे जातो. "डिपॉझिट अवाजवी कापलं, सेवेत कसूर केली" असं मांडा.

बालाघाट

धागा वाचून पुढं कुणी गाडी घेणार असेल त्यांच्यासाठी. गाडी धुतलेली आणि उजेडात मागा. धूळ असली तर कोरड्या फडक्यानं पुसू नका, त्यानंच बारीक गोल रेघा पडतात, पाणी मारा. व्हिडिओ न थांबवता एकाच फेरीत काढा: नंबर पाटीपासून सुरू करून ड्रायव्हरच्या बाजूनं मागं, मग डावीकडून पुढं. मोबाइलची बॅटरी पत्र्याला अगदी तिरपी धरली की समोरून न दिसणारी रेघ दिसते. प्रत्येक टायरजवळ खाली बसा आणि गालावरून बोटं फिरवा, आतल्या बाजूनंही. बंपरखाली मोबाइल सरकवून एक फोटो घ्या, तिथली जुनी घासण कुणीच बघत नाही. शेवटी काच, स्टेपनी, जॅक, पाना, मीटर आणि इंधनाचा काटा. व्हिडिओ जागेवरूनच मालकाला पाठवा आणि त्याचा "ठीक आहे" आल्यावर गाडी हलवा. परत देतानाही हेच, रात्र असेल तर पंपाच्या उजेडाखाली.

ऊसतोडीच्या दिवसांत उसाची ट्रॉली ओलांडताना आरशापासून हातभर जास्त जागा सोडा, बाहेर लोंबणारा ऊस आधी आरसा धरतो आणि मग दरवाजा. आणि खाली दगड लागल्याचा आवाज आला तर गाडी थांबवून ऑइल गळतंय का बघा. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर इंजिन चालू ठेवलं तर ते जाम होतं, आणि ती रक्कम ओरखड्यांच्या हिशेबात बसणारी नसते.