दयाळाच्या पेटीत साळुंकी शिरली आहे, काय करावे?

प्रश्न – ठाणे, येऊरचा पायथा

आमच्या बैठ्या घरामागे आंबा, शेवगा आणि जास्वंदीचे दाट कुंपण आहे. दयाळ पक्ष्याला घरटे करता यावे म्हणून सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली आणि ती पश्चिमेच्या भिंतीवर, वळचणीखाली, साधारण चार मीटर उंचीवर बसवली. भोक पन्नास मिलिमीटरचे आहे. मार्चअखेर दयाळाच्या जोडीने आत काड्या व मुळ्या नेल्या आणि मादीने अंडी घातली. पुढे अंडी नाहीशी झाली, पेटीखाली फुटलेल्या कवचाचे तुकडे सापडले आणि आता साळुंक्या त्याच पेटीत चिंध्या व प्लॅस्टिकचे कपटे कोंबत आहेत. अमेरिकेत ब्लूबर्डसाठी पेट्या लावणारे लोक प्रतिस्पर्धी पक्ष्याचे घरटे काढून टाकण्याचा आणि भोक दीड इंचाचे ठेवण्याचा सल्ला देतात, असे वाचले. तो येथे लागू पडेल का? शिवाय पेटीवर हुमले (झाडांवरच्या लाल मुंग्या) चढतात, त्यांचाही उपाय हवा आहे.

उत्तर – बेलापूर

घरटे काढू नका. अमेरिकेत तो सल्ला दिला जातो, कारण तेथील चिमणी आणि स्टार्लिंग हे दोन्ही पक्षी एकोणिसाव्या शतकात युरोपातून नेऊन सोडलेले आहेत आणि तेथील कायदा त्यांना संरक्षण देत नाही. आपल्याकडे साळुंकी व चिमणी याच भूमीच्या आहेत, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे येते. साळुंकीची पिल्ले उडून जाईपर्यंत ती पेटी तिचीच समजावी.

भोकाचेही तसेच आहे. दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर, हे माप स्टार्लिंग आत शिरू नये म्हणून ठरले आहे. दयाळ मुळात भिंतीतील भगदाडे, झाडांच्या ढोली, पाइपांची तोंडे अशा ऐसपैस जागा पसंत करतो. इतक्या अरुंद भोकाची पेटी तो बहुधा नाकारील आणि तेथे चिमण्या येतील, ज्यात वाईट काहीच नाही. उलट, दयाळाला सोयीचे भोक साळुंकीलाही पुरते, म्हणून येथे मापाने फारसे साधत नाही, जागेने साधते. साळुंकीला उंच, उघडी, इमारतीला लागून असलेली वळचण आवडते, आणि आपली पेटी नेमकी तेथेच आहे.

अंड्यांचे म्हणाल तर कवचाचे तुकडे थेट पेटीखाली पडले असल्याने साळुंकीवर संशय घ्यायला जागा आहे. घरटे अजिबात न विस्कटता अंडी गायब झाली असती, तर मी सापाचे नाव घेतले असते. मांजर पंजा घालते तेव्हा घरट्याचे साहित्य भोकाबाहेर ओढलेले दिसते.

उत्तर – नौपाडा

वरील मताशी सहमत आहे, पण दिशेचा मुद्दा राहून गेला. पश्चिमेची भिंत एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर तापते आणि जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस त्याच बाजूने आत शिरतो. साळुंकी नसती तरी ती जागा बदलावीच लागली असती. दुसरी पेटी जास्वंदीच्या आडोशाला, दोन ते अडीच मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करून लावा. भोक तळापासून बारा-पंधरा सेंटिमीटर वर असावे, त्याखालची आतील बाजू खरबरीत ठेवावी म्हणजे पिल्लांना चढता येते, तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि वर हवेसाठी छिद्रे असावीत. भोकाबाहेर बसण्यासाठी दांडी मुळीच लावू नये; दयाळाला तिची गरज नसते, अंडी पळवणाऱ्यांना मात्र ती सोयीची पडते. बाजारातील शोभेच्या पेट्यांना ही दांडी हमखास असते, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

दयाळाचा विणीचा हंगाम साधारणपणे मार्च ते जुलै असतो, त्यामुळे तीच जोडी यंदा पुन्हा प्रयत्न करण्याची शक्यता आहे. पेटी आजच लावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. नव्या पेटीतही साळुंकी डोकावू लागली तर? आणि हुमल्यांचे काय?

उत्तर – बेलापूर

एकही काडी आत गेलेली नसताना भोक बाहेरून फळीने झाकता येते. दयाळाची जोडी जवळपास वावरू लागली की उघडावे. साहित्य भरणे सुरू झाल्यावर मात्र हात लावू नये.

हुमल्यांवर कीटकनाशक फवारू नका, कारण दयाळ पिल्लांना किडेच भरवतो. हुमले फांद्या-पानांच्या पुलावरून येतात. पेटीला टेकणाऱ्या डहाळ्या छाटल्या आणि पेटी भिंतीऐवजी लोखंडी खांबावर बसवून खांबाभोवती पाण्याची वाटी ठेवली, तर बहुतेक वाटा बंद होतात. वाटीतले पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर डास होतील. ग्रीस फासण्याचा सल्लाही दिला जातो, पण ते पिसांना लागू शकते, म्हणून मी तो देणार नाही.